टिळेकर टेकडी

"शेवड्यांची किती?" टिळेकर सरांनी विचारलं.

"दोनशे दहा मीटर, सर."

"आणि ही?"

"सावलीवरून मोजली. तीनशे चाळीस भरली."

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला. फोटो आवडला की ते चष्मा पुसत. नाही आवडला तर फोटो पुसत. तीन वर्षांत मी त्यांना चष्मा पुसताना चार वेळा पाहिलं होतं, त्यामुळे हा पाचवा प्रसंग मी मनात नोंदवून ठेवला.

"तीनशे चाळीस," ते पुन्हा म्हणाले. "म्हणजे दीडपटीहून जास्त."

"हो, सर."

"शेवडे येणार आहेत ना शुक्रवारी?"

"पहिलं निमंत्रण त्यांनाच गेलंय, सर. तुम्हीच सांगितलं होतंत."

टिळेकर सर खुर्चीत मागे रेलले. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते, आज मंगळवार होता. टेबलावर मंगळाच्या जमिनीचा दोन फूट रुंद फोटो पसरलेला होता आणि त्याच्या मधोमध एक गोल, भरदार, टपोरी टेकडी होती. लाडूसारखी.

आमचं ग्रहचित्रण केंद्र नाशिकबाहेर, द्राक्षांच्या बागा संपतात तिथे होतं. मंगळाभोवती एक यान फिरत होतं, त्यावर एक कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याने कुठल्या फेरीत कुठली जागा टिपायची हे ठरवणं आणि आलेले फोटो नीटनेटके करून ठेवणं, एवढंच आमचं काम. टिळेकर सर या विभागाचे प्रमुख. मी हेमांगी बोरसे, वय सत्तावीस, कंत्राटी. कोणी कुठला फोटो मागितला, का मागितला आणि खरं म्हणजे का मागितला, याची नोंदवही माझ्याकडे असायची. यातला तिसरा रकाना माझा मी वाढवलेला होता.

केंद्रात एक रीत होती. निवृत्त होणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि मंगळावरची एक जागा. जगाने मान्य केलेली नावं वेगळी, ती ठरवणारी मंडळीही वेगळी. आमची नावं आमच्यापुरती, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या यादीत. ज्याचा जसा हुद्दा तशी त्याची जागा. आधीच्या संचालकांना पर्वत मिळाला होता. गाडी चालवणाऱ्या पवारमामांना लांबलचक सपाट मैदान मिळालं, ते त्यावर खूष होते. स्टोअरकीपर नलावड्यांना मिळालेली शिळा नंतर कॅमेऱ्यातला डाग निघाली, पण ते लक्षात येईपर्यंत फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागला होता आणि जावई तो पाहून गेला होता, म्हणून कोणी काही बोललं नाही.

टिळेकर सरांच्या बरोबरीने नोकरीला लागलेले शेवडे दोन वर्षं आधी निवृत्त झाले. त्यांना दोनशे दहा मीटरची टेकडी मिळाली. त्या दिवसापासून टिळेकर सरांनी तोंडाने एक शब्द काढला नाही, पण माझ्या नोंदवहीत त्यांच्या नावावर "उंच भाग, दक्षिण गोलार्ध" अशा सदतीस मागण्या चढल्या. तिसऱ्या रकान्यात मी सदतीस वेळा "शेवडे" लिहिलं.

"सर," मी हळूच म्हटलं, "माझा फॉर्म."

"कुठला?"

त्यांना माहीत होतं कुठला. माझं कंत्राट त्याच शुक्रवारी संपत होतं. मुदतवाढीच्या फॉर्मला तेवीस रकाने होते, त्यातले बावीस मी भरले होते. तेविसावा विभागप्रमुखाने स्वतः भरायचा: "कालावधीत गंभीर चूक घडली काय? होय किंवा नाही." त्यावर "नाही" लिहून सही झाली की मी आणखी तीन वर्षं मंगळावर. नाही झाली, तर सटाण्याला दादाच्या खतांच्या दुकानात. दादाने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती, गोल फिरणारी. मला रात्री स्वप्नात ती खुर्ची फिरताना दिसायची.

"शुक्रवारी करू," सर म्हणाले. "समारंभ झाला की. आधी टेकडी, मग सही."

ते हसत म्हणाले, पण फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली मात्र त्यांनी खिशात घातली.

आता एक सांगायला हवं. टिळेकर सर विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच धडा देत: "आधी सूर्य विचारा. सूर्य कुठून आहे ते कळल्याशिवाय फोटोवर बोट ठेवायचं नाही." आठवड्याला सरासरी अकरा वेळा मी हे वाक्य ऐकलं असेल. त्या मंगळवारी मात्र त्यांनी सूर्य विचारला नाही. मीही सांगितला नाही. त्यांना टेकडी हवी होती, मला सही हवी होती, आणि फोटोत दोन्ही स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी एक वाजता मी आणि मुलाणी डबा खायला बसलो. फैयाज मुलाणी सोलापूरचा. यानाकडून आलेली कच्ची माहिती जुळवून तिचा फोटो करणं हे त्याचं काम. कामाला वाघ आणि बोलायला कंजूष, पण शेंगदाण्याची चटणी पोटात गेली की तो जरा मोकळा होई.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं एक काम वाचवलंय मी. बघितलं का?"

"कुठलं काम?"

"डोक्यावर उभ्या पट्ट्या तुम्हाला हाताने फिरवून सुलट्या कराव्या लागायच्या न्हवं? गेल्या शुक्रवारपासून त्या माझ्याकडूनच सुलट्या होऊन येतायत. प्रोग्राममध्येच टाकून दिलं. म्हटलं मॅडमना आपसूक कळेल, खूष होतील."

माझा घास हातातच राहिला.

आमचा कॅमेरा लग्नातल्या फोटोग्राफरसारखा खटका दाबून फोटो काढत नाही. यान पुढे सरकतं तशी तो खालच्या जमिनीची एकेक ओळ टिपत जातो, अंगण झाडत गेल्यासारखा. या ओळी जुळून फोटोची एक लांब पट्टी होते. यान उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेलं असेल तर पट्टी सुलटी येते. दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेलं असेल तर खालची बाजू वर येते. मग ती फिरवायची, की झालं.

"शनिवारची, टेकडीची पट्टीसुद्धा?" मी विचारलं.

"शनिवारची तर पहिलीच! उद्घाटनाची."

"मुलाणी, ती मीही फिरवली."

मुलाणीने चटणीचं बोट तोंडाशी नेलं होतं, ते तिथेच थांबलं. "म्हणजे मी सुलटी केलेली तुम्ही..."

"परत उलटी केली."

दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. दोघांपैकी एक जरी आळशी असता तरी काही बिघडलं नसतं.

आम्ही डबे तसेच टाकून संगणकाकडे पळालो. मंगळाच्या त्या भागात तेव्हा हिवाळा, सूर्य उत्तरेला क्षितिजालगत. फोटोत उत्तर वर असती तर उजेड वरून आला असता. आमच्या फोटोत उत्तर खाली होती, म्हणजे उजेड खालून येत होता. आणि माणसाच्या डोळ्याला जन्मापासूनची खोड: उजेड वरूनच येणार, असं तो धरून चालतो. खालून आला तर तो कोणाला विचारत नाही, आतल्या आत हिशेब जुळवून मोकळा होतो आणि खड्ड्याची टेकडी करून दाखवतो.

मी पट्टी एकदा फिरवली. पडद्यावरचा लाडू डोळ्यांदेखत आत गेला आणि तिथे एक गोल, भरदार, टपोरा खड्डा झाला.

"या अल्लाह," मुलाणी म्हणाला. मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मॅडम, एक उपाय आहे."

"काय?"

"कुणाला सांगायचं नाही."

"हा उपाय नाही, मुलाणी. ही आपल्या ऑफिसची पद्धत आहे."

"म्हणून तर म्हणतोय. चालत आलेली आहे."

मोठा फोटो चौकटीत बसून हॉलमध्ये पोचला होता. चौकटीच्या खालच्या पट्टीवर पितळी पाटी ठोकलेली होती: "टिळेकर टेकडी, उंची ३४० मी." समारंभ चार वाजता. नवा फोटो छापायला शहरात जाऊन यायचं म्हटलं तरी सहा वाजले असते. मी नोंदवहीला शोभेल अशी बेरीज-वजाबाकी केली: सांगितलं तर तेविसाव्या रकान्यात "होय". नाही सांगितलं तर "नाही", आणि टिळेकर सर जन्मभर एका खड्ड्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना त्याची उंची सांगत राहणार.

तरीही मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी नवा सफारी घातला होता आणि ते आरशात स्वतःला बाजूने बघत होते.

"सर, एक बोलायचं होतं."

"बोरसे, सहीचं ना? म्हटलं ना समारंभानंतर."

"सहीचं नाही, सर. टेकडीचं."

ते झटकन वळले. "उंची वाढली?"

"उंचीचाच प्रश्न आहे, सर. म्हणजे असं की..."

तेवढ्यात दार उघडलं आणि कुमुदकाकू आल्या. काकू म्हणजे टिळेकर सरांच्या पत्नी. तीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे खोलीत शिरल्या की आधी पट मोजत. त्यांच्या मागे सहा शेजारी आणि पेढ्यांचे दोन पुडे होते.

"ही बोरसे," सर अभिमानाने म्हणाले. "माझी टेकडी हिनेच शोधली."

"हीच का ती?" काकू म्हणाल्या. "अगं, तुझ्या टेकडीने आमच्या घरात तीन दिवस उच्छाद मांडलाय. जेवताना टेकडी, झोपताना टेकडी. परवा वरणावर भात वाढला तर म्हणतात, असा नको, डोंगर कर."

सगळे हसले. खरं सांगते, मी बोलायला तोंड उघडलं होतं. काकूंनी त्यात पेढा घातला.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत शेवडे बसले होते. उंच, सडपातळ, पांढरेशुभ्र कपडे. चेहऱ्यावर मॅच आधीच जिंकून बघायला आलेल्या माणसाचं समाधान. संचालकांनी शाल घातली, श्रीफळ दिलं, भाषण केलं. शेवडे बोलायला उठले आणि पाच मिनिटांच्या भाषणात त्यांनी स्वतःच्या टेकडीचा उल्लेख सात वेळा केला. मी बोटांवर मोजत होते. मुलाणी माझ्या शेजारी बसून छताचे पंखे मोजत होता.

मग फोटो. आमच्याकडे निवृत्तीचा फोटो भिंतीला टेकवून उभा करत नसत. तो हॉलच्या मधल्या लांब टेबलावर आडवा ठेवत आणि सगळे भोवती उभे राहून त्याच्या पांढऱ्या कडेवर आपापली सही करत. पितळी पाटीच्या बाजूला सर उभे राहिले, त्यांच्या दोन्ही हातांना आमच्या विभागातली माणसं. समोरच्या बाजूला जागा उरली तिथे काकू, शेजारी आणि शेवडे.

संचालकांनी वरचं कापड ओढलं.

"वा!" आमच्या बाजूने आवाज उठला. "काय उंची आहे! काय रुबाब!"

समोरची बाजू गप्प होती. काकूंनी चष्मा नाकावर खाली घेतला, मग वर केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा खड्डा आहे."

"कुमुद, टेकडी आहे ती."

"खड्डा आहे. मी तीस वर्षं शाळेच्या मैदानात मुलं सांभाळली आहेत. खड्डा मला लांबून कळतो."

शेवडे पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं त्याला आनंद म्हणणं म्हणजे महापुराला ओलावा म्हणणं. "वहिनींचं बरोबर आहे! काय सुरेख खड्डा आहे हो, टिळेकर!"

"शेवडे, तुमच्या मोतीबिंदूचं काय झालं?"

"दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. म्हणूनच तर इतका स्वच्छ दिसतोय."

"इकडे या! इकडून बघा!"

"तुम्ही इकडे या!"

मग जी येरझार सुरू झाली ती मी आजवर कुठल्या समारंभात पाहिलेली नाही. इकडची माणसं तिकडे गेली आणि "अरे, खरंच खड्डा!" म्हणू लागली. तिकडची इकडे आली आणि त्यांना टेकडी दिसली. दोन शेजारी वाटेत एकमेकांना थांबवून, "तुम्हाला काय दिसलं?" विचारत होते. नलावडे स्टोअरकीपर निवृत्त होऊनही सामोशांसाठी आले होते, ते म्हणाले, "डाग तर नाही ना?" आणि त्यांना कोणीतरी मागे ओढलं. संचालक मात्र शांतपणे टेबलाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथून टेकडी दिसत नव्हती, खड्डाही दिसत नव्हता. ते उगाच संचालक झाले नव्हते.

"थांबा!" टिळेकर सर गरजले. त्यांची शाल एका खांद्यावरून घसरली होती. "सगळे जिथल्या तिथे थांबा. बोरसे!"

"सर."

"सूर्य कुठून?"

हॉलमध्ये एकदम इतकी शांतता झाली की सामोशाचं तेल कागदात मुरताना ऐकू यावं.

एक शब्द होता. "वरून." मी "वरून" म्हटलं असतं तर टेकडी उभी राहिली असती, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, शेवड्यांचं तोंड बंद झालं असतं आणि मी तीन वर्षांसाठी सुटले असते. खरं काय ते फक्त मुलाणीला माहीत होतं आणि मुलाणी पंख्यांची दुसरी मोजणी करत होता. माझ्या डोळ्यांपुढे ती खतांच्या दुकानातली खुर्ची एक पूर्ण गिरकी घेऊन माझ्याकडे तोंड करून थांबली.

पण सरांनी विचारलं होतं. तीन वर्षं ज्यांनी रोज तेच शिकवलं त्यांनी विचारलं होतं, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी सांगेन तेच लागू.

"खालून, सर," मी म्हणाले. "पट्टी आधीच सुलटी झालेली होती. मी ती पुन्हा फिरवली. चूक माझी आहे. हा खड्डा आहे."

मुलाणीने वर्गात करावा तसा हात वर केला. "सर, अर्धी चूक माझी."

"अर्धीच चूक झाली असती तर फोटो सुलटा आला असता, मुलाणी," सर म्हणाले. "खाली करा हात."

शेवड्यांना आता राहवेना. "टिळेकर खड्डा!" ते म्हणाले. "पाटी तेवढी बदलून घ्या हो! बाकी जागा तुम्हाला साजेशी आहे!"

टिळेकर सर फोटोवर वाकले. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता फोटो पुसणार. पण ते चष्माच पुसू लागले, बराच वेळ.

"बोरसे," त्यांनी विचारलं, "खोली किती?"

"तीनशे चाळीस, सर. सावली तीच आहे. आकडा बदलत नाही."

"शेवड्यांची टेकडी?"

"दोनशे दहा."

"म्हणजे समजा, शेवड्यांची टेकडी मुळापासून उचलली आणि माझ्या खड्ड्यात ठेवली, तर?"

मी मनात वजाबाकी केली. "पूर्ण मावेल, सर. वर एकशे तीस मीटर जागा उरेल."

"एकशे तीस." सरांनी चष्मा लावला. "शेवडे, ऐकलंत? तुम्ही टाचा उंच करून उभे राहिलात तरी माझ्या काठाला तुमचा हात लागणार नाही."

आधी काकू हसल्या, मग शेजारी, मग सगळा हॉल. संचालकसुद्धा हसले, पण टेबलाच्या टोकालाच उभं राहून. शेवडे हसणार इतक्यात काकूंनी फार गोड आवाजात विचारलं, "भावजी, तुमच्या टेकडीच्या वेळी सूर्य कुणी विचारला होता का?"

शेवड्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना एकदम बस आठवली. सामोसा न घेता निघालेले शेवडे मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचे पाहिले.

पाच वाजून दहा मिनिटांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साडेपाचला त्यांची नोकरी संपत होती, माझीही. हॉलमधलं हसू हॉलमध्येच राहिलं होतं. शाल खुर्चीच्या पाठीवर होती आणि फॉर्म टेबलावर, उघडा.

"बसा, बोरसे."

मी बसले.

"तेविसावा रकाना," ते म्हणाले.

"हो, सर."

टिळेकर सर कधी खोटं बोलत नसत असं नाही. शेवड्यांविषयी बोलताना सढळ हाताने बोलत. पण फॉर्मवर खोटं लिहीत नसत. एकदा रजेच्या अर्जात कारण म्हणून त्यांनी "सासरच्या मंडळींना भेटणे टाळण्यासाठी" असं लिहिलं होतं, आणि रजा मंजूर झाली होती, कारण संचालकही विवाहित होते.

"संचालक होते हॉलमध्ये," सर म्हणाले. "माझी बायको होती. सहा शेजारी होते. 'नाही' कसं लिहू?"

"नका लिहू, सर."

"'होय' लिहिलं तर उद्या तुम्ही सटाण्याला."

"साडेसहाची एसटी आहे, सर."

त्यांनी पेन उघडलं. वाकले. अगदी नीट, शाळकरी अक्षरात त्यांनी "होय" लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर पवारमामांच्या जागी आलेला नवा ड्रायव्हर काकूंचे हारतुरे गाडीत भरत होता.

"आता या चुकीचा खुलासा लागेल," सर म्हणाले. "लेखी. तो कोण देणार?"

"मीच, सर. चूक माझी आहे. कागद द्या, आत्ता लिहून देते. दहा ओळींचं तर काम आहे."

"आत्ता?" सर जवळजवळ ओरडलेच. "खबरदार आत्ता लिहिलात तर!"

ते फॉर्मवर पुन्हा वाकले होते आणि "शेरा" लिहिलेल्या रकान्यात बारीक अक्षरात काहीतरी उतरवत होते. रकाना संपला तेव्हा ते समासात गेले. शेवटी सही केली, तारीख घातली, घड्याळ बघून वेळ घातली, पाच चोवीस, आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"वाचा. मोठ्याने."

मी वाचलं: "सदर चूक गंभीर आहे. तिचा सविस्तर लेखी खुलासा संबंधित कर्मचाऱ्याकडूनच घेणे आवश्यक असल्याने, असा खुलासा सादर होऊन मान्य होईपर्यंत संबंधितांस कामावरून मुक्त करता येणार नाही."

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून.

"सर, खुलासा किती दिवसांत द्यायचा?"

"घाईने काम बिघडतं, हे आज पाहिलंत ना?" टिळेकर सर उठले, शाल खांद्यावर टाकली, नारळ काखेत मारला. "आधी विषय नीट समजून घ्या. मंगळ मोठा आहे."

याला आता सोळा वर्षं झाली. यान बंद पडूनही नऊ वर्षं होत आली. तीन संचालक आले आणि आपापले पर्वत घेऊन गेले. दर वेळी माझी फाइल वर जाते, त्यावर "खुलासा प्रलंबित, सेवा चालू ठेवावी" असा शेरा पडतो आणि ती खाली येते. दिवाळीत टिळेकर सरांचा फोन येतो. ते एवढंच विचारतात, "दिलात का?" मी म्हणते, "नाही, सर." ते "शाब्बास" म्हणतात आणि फोन काकूंकडे देतात.

गेल्या महिन्यात नवे विभागप्रमुख आले. तरुण आहेत, हुशार आहेत, जुन्या फाइली निकालात काढायचा त्यांना उत्साह आहे. दुसऱ्याच दिवशी माझी फाइल घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"बोरसे मॅडम, हा सोळा वर्षांपूर्वीचा खुलासा राहिलाय. एका पानाचं काम दिसतंय. या आठवड्यात देता का?"

"सर, काम चालूच आहे," मी म्हणाले. त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कपाटातून मसुद्याचा पहिला खंड काढून त्यांच्यापुढे ठेवला. तीनशे बारा पानं, बांधलेला.

त्यांनी चहा संपेपर्यंत पानं चाळली. मग वर पाहिलं.

"मॅडम, यात अजून मंगळ ग्रह तयारच होतोय."

"हो, सर."

"मग चूक कुठे आहे?"

"चौथ्या खंडात येईल, सर," मी म्हणाले. "आणखी अर्धा कप घेणार?"